वायर आणि केबल

लोहार चाळीत वायर मीटरवर मिळते. दुकानदार मोजतो, कापतो, गुंडाळी करून रबरबँड लावतो आणि हातात देतो. तीच वस्तू काचेच्या, एअरकंडिशन दुकानात गेली की तिचे नाव केबल होते. ती मीटरवर मिळत नाही, जोडीवर मिळते. मखमली पेटीत ठेवलेली असते. तिच्यावर विणलेल्या धाग्याचे आवरण असते, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले प्लग असतात आणि अंगावर एक छोटा बाण छापलेला असतो. हा बाण कशासाठी, असे आम्ही विचारले तेव्हा तिथला विक्रेता मुलगा अदबीने म्हणाला, "सर, म्युझिक इसी डायरेक्शन में फ्लो करता है."

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तेव्हा बाणापाशी थांबणे आम्हाला भागच होते. स्पीकरच्या वायरीतला प्रवाह नळाच्या पाण्यासारखा एकाच बाजूला वाहत नाही. गवय्याचा सूर सेकंदाला दीडशे वेळा थरथरत असेल, तर वायरीतला प्रवाहही सेकंदाला दीडशे वेळा पुढे जातो आणि तितक्याच वेळा मागे येतो. बाणाने मग कोणाची बाजू घ्यायची? एम्प्लिफायरच्या आधीच्या, जाळीचे कवच असलेल्या काही तारांमध्ये ते कवच एकाच टोकाला जोडलेले असते. तिथे बाणाला थोडा तरी अर्थ आहे. स्पीकरच्या वायरीला कवचच नसते. हे सगळे आम्ही त्या मुलाला सांगितले नाही. तो पगारी माणूस. आम्ही फक्त किंमत विचारली. तीन मीटरच्या जोडीचे बावीस हजार रुपये. आमच्या घराच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त.

अशा दुकानात आमच्यासारख्याने पाऊल ठेवण्याचे कारण आमचे अब्बा.

अब्बा चोवीस वर्षे जहाजावर होते. आमचे घराणे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. त्या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांमधला एखादा तरी माणूस दर्यावर किंवा आखातात असतोच, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अब्बा इंजिनरूममध्ये ऑइलमन होते. १९८६ साली सिंगापूरहून येताना त्यांनी सान्सुईचा एम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन स्पीकर आणले. गावात तेव्हा टेपरेकॉर्डर चार-पाच घरी होते, पण दोन बाजूंनी वेगवेगळा आवाज येणारी वस्तू पहिलीच. अम्मी सांगायची की शेजारपाजारच्या बायका स्पीकरच्या मागे जाऊन बघायच्या. पुढे आमची नोकरी पवईत लागली. अम्मी अल्लाला प्यारी झाली. अब्बा आमच्याकडे तुंगा गावातल्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक आली आणि हे सामान. जिथे गाद्या कुठे ठेवायच्या हा रोजचा प्रश्न, तिथे दोन स्पीकरांना कोपरे मिळाले. बेगम अख्तर, मेहदी हसन, हबीब पेंटर, अज़ीज़ नाज़ां, आणि कुणाकुणाच्या लग्नातल्या कव्वालीची घरी भरलेली टेप, असा अब्बांचा खजिना आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत अब्बांची एक तक्रार सुरू झाली. आवाज मळका येतो. "पहिल्यासारखा धुतलेला येत नाही," म्हणायचे. आम्ही एम्प्लिफायर एका कारागिराकडून उघडून घेतला, त्याने जुने कॅपेसिटर बदलले. मळ गेला नाही.

इथे आमच्या एका विद्यार्थ्याची ओळख करून द्यायला हवी. हा विद्यार्थी आमच्या अब्बांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान आहे. हिरानंदानीत राहणारे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ. त्यांना गझल ऐकण्याचा शौक आणि वाढत्या वयात उर्दू लिपी शिकण्याची हौस. त्यांना आम्ही साहेब म्हणतो, ते आम्हाला सर म्हणतात, आणि दर रविवारी सकाळी तुंगा गावातून निघून, पवईच्या चढावरच्या त्या रोमन खांबांच्या इमारतींमध्ये आम्ही अलिफ, बे शिकवायला जातो. साहेब अभ्यासात पक्के. चे आणि हे यांचे नुक्ते चुकवत नाहीत.

त्यांच्या दिवाणखान्यात संगीताची व्यवस्था आहे, ती बघितल्यावर पहिल्या दिवशी आम्ही चपला कुठे काढल्या तेच विसरलो. माणसाच्या उंचीचे स्पीकर. आणि वायर जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली जागोजागी चिनी मातीचे छोटे पूल. आम्हाला वाटले मुंग्यांसाठी असतील. साहेब हसले नाहीत. फरशीच्या कंपनाचा आवाजावर परिणाम होतो, असे त्यांनी समजावून सांगितले. केबलची किंमत त्यांनी सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. पुढे एकदा बोलता बोलता कळले की ती लाखाच्या पुढची आहे आणि तिच्याआधीची जोडी, साठ हजारांची, कपाटात पडून आहे.

एका रविवारी त्यांनी आम्हाला गौहर जान ऐकवली. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात तिचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, त्या काळातले मुद्रण. तेव्हा माइक नव्हता. गाणारीने एका भोंग्यात तोंड घालून गायचे आणि त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. विजेवर ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले. म्हणजे गौहर जानच्या गळ्यापासून मेणाच्या तबकडीपर्यंत तारेचा एक तुकडासुद्धा नव्हता, आणि तो आवाज आज लाखाच्या तारेतून येत होता. साहेब डोळे मिटून ऐकत होते. गाणे संपल्यावर ती आपले नाव इंग्रजीत पुकारते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हे पाणी खोटे नव्हते, एवढी आमची साक्ष.

अब्बांच्या तक्रारीची गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा ते लगेच म्हणाले, "सर, वायर बघा. चाळीस वर्षांपूर्वीची वायर असेल. वायर बदलली की पडदा हटल्यासारखा वाटतो." आणि दुकानाचा पत्ता दिला. अब्बांनी हे ऐकले आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन वर्षांनी त्यांना कोणीतरी रोगाचे नाव सांगितले होते. "बघून ये," म्हणाले. त्यांच्या पेन्शनचे साठवलेले पैसे ट्रंकेत आहेत, तेही त्यांनी बोलून दाखवले. म्हणून ते दुकान, तो मुलगा, आणि तो बाण.

बाकी काही नाही तरी नववीच्या पुस्तकात ओहमचा नियम आहे. आमची मुले विरोधाला मुज़ाहमत म्हणतात, प्रवाहाला बर्क़ी रौ. तार जितकी लांब तितकी मुज़ाहमत जास्त, तार जितकी जाड तितकी कमी. धातू तांब्याचा असला की एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा विरोध साधारण सतरा हजारांश ओहम. आता घरचा हिशेब करू. एम्प्लिफायरपासून स्पीकर तीन मीटरवर, जाऊन-येऊन सहा मीटर. दीड चौरस मिलिमीटरची साधी वायर घेतली तर तिचा एकूण विरोध ओहमच्या सात शतांशाच्या आसपास. स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे शंभरातला एक हिस्सासुद्धा वायर खात नाही. आवाजाच्या मापात हा फरक एका डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. कानाला दोन आवाजांतला लहान-मोठेपणा कळायला साधारण एक डेसिबलचा फरक लागतो. फार तयार कानाला त्याहून कमी पुरतो, पण इतका कमी नाही.

शिवाय स्पीकरच्या आत काय आहे? वायरच. पडदा हलवणारी कॉइल म्हणजे केसासारख्या बारीक तारेचे कित्येक फेरे. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये या कॉइलचा स्वतःचाच विरोध सहा ओहमच्या आसपास असतो. बाहेरच्या सात शतांशाला बावीस हजार द्यायचे आणि आतल्या सहा ओहमचे काय, हे दुकानात कोणी विचारत नाही.

चांदीच्या तारेचे कौतुक असेच. चांदी तांब्यापेक्षा विजेला जास्त वाट देते हे खरे, पण किती जास्त? शेकडा सहाच्या आसपास. तांब्याची तार तेवढीच जरा जाड घेतली की चांदीची बरोबरी झाली. प्राणवायूविरहित तांबे हा शब्द तर प्रत्येक पेटीवर असतो. विजेच्या कामाचे साधे तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते आणि त्याची वहनक्षमता या शाही तांब्याच्या जवळजवळ इतकीच.

मग वायरीने फरक पडतच नाही, असे म्हणायचे का? नाही. फरक कुठे पडतो ते आम्हाला मशिदीत कळले. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वरच्या मजल्यावरच्या नमाज़ींना जुम्याचा खुतबा नीट ऐकू येत नव्हता. कमिटीने आम्हाला बोलावले, विज्ञानवाले सर म्हणून. बघितले तर एम्प्लिफायर तळमजल्यावर, आणि वायर जिन्याने, गच्चीवरून फिरून ऐंशी मीटर गेलेली, तीही अर्ध्या मिलिमीटरची. जाऊन-येऊन एकशे साठ मीटर. विरोध साडेपाच ओहमच्या आसपास. त्याच्या टोकाला आठ ओहमचा स्पीकर. साडेतेरा भागांतले साडेपाच, म्हणजे चाळीस टक्के शक्ती भिंतीवरच्या वायरीत जिरत होती. आवाज इमामसाहेबांचा, ऊब वायरीला.

तरीही उपाय महाग केबलचा नव्हता. मोठ्या जागेसाठी एम्प्लिफायरला मागे शंभर व्होल्टच्या लाइनचे टोक दिलेले असते, आणि प्रत्येक स्पीकरला एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. विजेचा दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो. दहा वॅटचा स्पीकर त्या लाइनला हजार ओहमचा दिसतो, आणि हजारापुढे साडेपाच म्हणजे काहीच नाही. विजेची कंपनी वीज दूरवर नेताना हेच करते. ट्रान्सफॉर्मर बसले, वायर तीच राहिली, वरच्या मजल्यावर खुतबा पोचला. ऐंशी मीटरला जे लागले नाही ते तीन मीटरला कसे लागेल, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात होता.

हा व्यवहार फार जुना नाही. स्टीरिओ घरोघर आले तेव्हा अमेरिकेतही लोक टेबललँपची साधी वायरच वापरायचे. नोएल ली नावाच्या इंजिनिअरने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि वायर ही वेगळी विकण्याची वस्तू झाली. चारच वर्षांनी, १९८३ साली, तिथल्या स्टीरिओ रिव्ह्यू मासिकाने ऐकणाऱ्यांना बसवून चाचणी घेतली. आवाजाची पातळी सारखी करून संगीत वाजवले, तेव्हा जाड महाग केबल आणि साधी जाड वायर यांतला फरक त्यांना सांगता आला नाही. अगदी बारीक वायर मात्र खरखरीच्या चाचणी-आवाजावर पकडली गेली. २००७ मध्ये जेम्स रँडी या प्रसिद्ध जादूगाराने, चमत्कारांचा पर्दाफाश हे ज्याचे आयुष्यभराचे काम, जाहीर केले की बारा फुटांना सव्वासात हजार डॉलर पडणारी एक केबल डोळे झाकून ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ. बोलणी झाली, चाचणी झालीच नाही.

गैबवर ईमान ठेवणारे आम्ही लोक. पण वायर गैबमध्ये मोडत नाही. ती टेबलावर आहे, तिची परीक्षा घेता येते. आम्ही साहेबांकडे त्यांची कपाटातली साठ हजारांची जोडी मागितली. त्यांनी ती दिली, आणि वर म्हणाले, मीही येतो. हिरानंदानीतून तुंगा गावात गाडी कुठे लावायची याची त्यांना काळजी होती, तर ते रिक्षाने आले. येताना अब्बांसाठी सफरचंदे आणली.

आम्ही लोहार चाळीतून दीड मिलिमीटरची दोन पदरी वायर आणली होती, मीटरला सत्तर रुपये. (तिथे घेताना एक सांभाळावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. ब्लेडने खरवडले की आत पांढरे दिसते. अॅल्युमिनिअम विजेला तांब्याच्या साठ टक्केच वाट देते.) जोडण्याआधी एम्प्लिफायरची आणि स्पीकरची काळी पडलेली टोके कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केली, अधिक-उणे तपासले. एका स्पीकरला ते उलटे लागले तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि खर्ज गायब होतो. आमच्या अनुभवात निम्म्या घरांमधला दोष एवढाच निघतो.

खोलीत दोरीवर चादर टाकली. मागे आमचा भाचा, अकरावीत शिकणारा. त्याने नाणे उडवायचे, छापा आला तर केबल, काटा आला तर वायर, वहीत लिहायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. "मामू, छींक आई तो?" त्याने विचारले. शिंकेची परवानगी दिली. आवाजाचे बटण आम्ही चिकटपट्टीने पक्के केले, कारण जरा मोठा वाजलेला आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. बारा वेळा अदलाबदल. ऐकणारे चार. साहेब, अब्बा, आमची बेगम आणि आम्ही. प्रत्येकाने कागदावर केबल की वायर ते लिहायचे, आणि बाजूला एक रकाना, काय वेगळे ऐकू आले त्याचा.

अशा परीक्षेत एक कमतरता आहेच. वायर बदलायला मिनिट-दीड मिनिट जाते आणि कानाची आठवण तितकी टिकत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी स्विच असतो. आमच्याकडे भाचा होता.

निकाल असा. साहेब बारातले सहा बरोबर. बेगम सात. आम्ही पाच. अब्बा सहा. नाणेफेकीने उत्तरे लिहिली असती तरी असेच आकडे आले असते. साहेबांनी वही दोनदा बघितली. मग म्हणाले, खोलीला रस्त्याचा आवाज आहे, यंत्र जुने आहे, माझ्याकडे करून बघू. हरकत योग्य होती. पुढच्या रविवारी अलिफ-बे बाजूला ठेवून त्यांच्या दिवाणखान्यात हाच खेळ झाला, लाखाची केबल आणि सत्तर रुपये मीटरची वायर. भाच्याने इमानाने नाणे उडवले. साहेब बारातले सात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी भाच्याला आइसक्रीम मागवले. केबल त्यांनी काढली नाही. चिनी मातीचे पूल अजून जागेवर आहेत. काढावेत असे आम्हालाही वाटत नाही. ज्याच्याजवळ आहे त्याने आपल्या घरात आपल्या पैशाने काय ठेवावे हा त्याचा प्रश्न. साहेबांनी ती केबल कुणाला विकत घ्यायला लावली नाही, अब्बांना सुचवली तीही मायेने.

पण आमच्या घरच्या परीक्षेचे कागद आम्ही रात्री पुन्हा बघत होतो तेव्हा दुसरा रकाना वाचला. लग्नातल्या कव्वालीची टेप वाजवली होती, ती घरी भरलेली, जुनी. साहेबांनी बारापैकी नऊ ओळींत लिहिले होते, टेपची सूं-सूं आहे. बेगमने लिहिले होते, पावसासारखा आवाज मागे. भाचासुद्धा चादरीमागून तेच म्हणाला होता. अब्बांच्या कागदावर बारा ओळींत एकदाही सूं-सूं नव्हती. एका ओळीत होते, "टाळ्या हातमोजे घालून वाजवल्यासारख्या."

सकाळी आम्ही ती टेप लावली आणि कव्वाली सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत बटण बरेच वाढवले. खोलीभर सूं-सूं झाली. अब्बांना विचारले, काय ऐकू येते? अब्बा म्हणाले, "अजून सुरू कुठे झाली?"

कॅसेटची सूं-सूं हा वरच्या पट्टीतला आवाज असतो. टाळीची धार वरच्या पट्टीत असते. आणि आपल्या भाषेतले सीन, शीन, फे, से हे सगळे वरचेच. उर्दूत माणसाचे उच्चार चोख असले की त्याचे शीन-क़ाफ़ दुरुस्त आहेत असे म्हणतात. अब्बांचे शीन-क़ाफ़ खलाशी माणसाला नवल वाटावे इतके दुरुस्त. त्यांचे क़ाफ़ शाबूत होते. शीन त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

त्यांना कसे सांगायचे हा प्रश्न आम्हाला ओहमच्या नियमापेक्षा जड गेला. वायर बिघडली आहे हे ऐकायला अब्बा तयार होते, त्यासाठी ट्रंक उघडायलाही तयार होते. चार दिवस आम्ही काही बोललो नाही. बेगम म्हणाली, डोळे तपासायला नेता तसे न्या, एवढे काय त्यात? पण चष्मा अब्बा तीस वर्षे लावतात आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. कानाच्या मशिनीला आपल्या समाजात बहिरा हा एकच शब्द आहे, आणि तो शब्द घराबाहेर बसलेल्या पोरांना लवकर सापडतो. शेवटी आम्ही सांगितले ते असे, की वायर तपासली, एम्प्लिफायर तपासला, आता एकच तपासायचे राहिले आहे. अब्बा समजले. "चल," म्हणाले.

बांद्र्याला रिक्लेमेशनजवळ वाणी आणि श्रवणाच्या दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. १९७१ पासून १९७६ साली मृत्यू येईपर्यंत ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. संस्था १९८३ सालची. त्यांच्या नावाचा पश्चिम द्रुतगती मार्ग आपल्याला माहीत असतो, संस्था कमी जणांना. तिथे अब्बांना काचेच्या बंद खोलीत बसवले, कानांवर हेडफोन लावले. २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर हळू करत न्यायचा आणि ऐकू आला की अब्बांनी बटण दाबायचे. काचेतून आम्हाला अब्बा दिसत होते. सुरुवातीला बटण झपझप दाबत होते. मग त्यांचा अंगठा बटणावर नुसताच राहिला, आणि ते आमच्याकडे बघू लागले, जणू आतले यंत्र बंद पडले असे सांगायचे होते. यंत्र चालू होते.

आलेख हातात आला. खालच्या सुरांना रेघ बरी होती. २,००० नंतर उतरण, आणि ४,००० वर खड्डा. तपासणाऱ्या बाईंनी त्या खड्ड्यावर पेन ठेवून विचारले, "बाबा, आपण काम कुठे करत होता?" वयाने जाणारे कान वरून हळूहळू जातात. ४,००० च्या आसपासचा असा खड्डा बहुतेक करून मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा असतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज असतो. अब्बांनी सांगितले की त्यांच्या सुरुवातीच्या काळात कानात कापूस आणि डिझेल पुसायच्या चिंध्या घालायचे, आणि चीफ ओरडला तर ऐकू यावे म्हणून त्याही काढायचे. ज्या नोकरीने तो सान्सुई घरात आणला तिनेच तो ऐकायचा कान नेला. बाईंनी हेही सांगितले की आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत.

परतीच्या रिक्षात अब्बा म्हणाले, "मला वाटायचे, हल्ली लोक पुटपुटतात." जेव्हीएलआर येईपर्यंत दुसरे काही बोलले नाहीत.

मशीन घेतली. दोन्ही कानांची. बावीस हजारांत झाली नाही, ट्रंक आणि आमची थोडी भर, दोन्ही लागले. पहिला आठवडा कठीण गेला. अब्बांना कुकरची शिट्टी छातीत लागायची, कागद चुरगळला तरी दचकायचे. टोपी कानावर आली की मशीन स्वतःच शिट्टी वाजवते. वज़ू करताना काढून ठेवावी लागते आणि मग ती कुठे ठेवली याचा शोध. दोनदा त्यांनी ती डबीत बंद करून टाकली. ही यंत्रे बोलणे समजावे म्हणून बनवलेली असतात, संगीत त्यांतून सुरुवातीला पत्र्याचे वाटते. बांद्र्याला पुन्हा दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा त्यात संगीतासाठी वेगळी सोय करून मिळाली. स्टीरिओला ती सत्तर रुपयांची वायरच आहे.

परवा आम्ही शाळेतून आलो तर अब्बा कॅसेट डेकपाशी वाकून बसले होते. लग्नाची कव्वाली लागली होती. आम्हाला बघून कपाळाला आठी घालून म्हणाले, "ही टेप इतकी खराब कधी झाली? मागे सूं-सूं किती आहे. तुझ्या त्या स्वस्तातल्या वायरीमुळे असेल."

भाच्याने कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून डेकचे हेड पुसले. बोळा तपकिरी झाला. सूं-सूं तेवढीच राहिली, टाळ्या मात्र स्वच्छ झाल्या. अब्बांनी मग्रिबपर्यंत दोन्ही बाजू ऐकल्या, आणि कोणत्या कडव्यात कोण खोकतो आहे ते आम्हाला नावानिशी सांगितले.